पन्नास मिलिसेकंदांचा कारभार

माइनक्राफ्टमध्ये आपण एखादा ब्लॉक फोडतो तेव्हा तो पडद्यावरून लगेच नाहीसा होतो, पण ते तात्पुरते असते. आपला संगणक सर्व्हरला एवढेच कळवतो, की अमुक ठिकाणचा ब्लॉक मी फोडला. तो फुटला असे धरायचे की नाही, हे सर्व्हर ठरवतो. त्याने नकार दिला तर फुटलेला ब्लॉक डोळ्यांदेखत परत जागेवर येतो. सर्व्हरच्या मूळ प्रोग्रामला कोणी कुठे घर बांधले याचे सोयरसुतक नसते. हा नकार बहुधा कोणीतरी लिहून सर्व्हरला जोडलेल्या प्लगइनने दिलेला असतो.

खेळात असे फेरफार करण्याचे, म्हणजे मॉडिंगचे, दोन रस्ते आहेत. फोर्ज किंवा फॅब्रिक वापरून लिहिलेला मॉड बहुधा खेळाडूच्या संगणकावरही बसवावा लागतो. त्या बदल्यात नवे प्राणी, नवी यंत्रे, हवे ते आणता येते. प्लगइन मात्र सर्व्हरवरच राहतो. खेळाडूने विकत घेतलेला साधा खेळ उघडायचा, पत्ता टाकायचा आणि आत यायचे. 2013 साली सुरू झालेल्या हायपिक्सेलसारखे अवाढव्य सर्व्हर याच रस्त्याने वाढले. यात बंधन कडक आहे: जे खेळाडूच्या संगणकात मुळातच नाही, ते त्याला दाखवता येत नाही. मला तरी या कामातली सगळी गंमत त्या बंधनातच दिसते.

समजा, दुकान हवे आहे, पण मनासारखे दुकान मांडण्याची सोय खेळात नाही. मग प्लगइन जगात कुठेच न ठेवलेली एक पेटी उघडून दाखवतो. तिच्या 54 खणांत हिरे, तलवारी, पाव मांडतो, प्रत्येक वस्तूच्या नावाखाली किंमत लिहितो, आणि खेळाडूने क्लिक केले की वस्तू उचलू न देता आधी त्याच्या खात्यातून पैसे वळते करतो. हवेत तरंगणारी अक्षरे हवी असली तर वर्षानुवर्षे एकच युक्ती चालत आली: चिलखत अडकवायचा स्टँड उभा करायचा, तो अदृश्य करायचा आणि त्याला मजकूर हेच नाव द्यायचे. 2023 मध्ये 1.19.4 या आवृत्तीत मजकूर दाखवणारी वस्तू खेळातच आली, तेव्हा कुठे त्या स्टँडची सुटका झाली.

या सगळ्याची सुरुवात मालकाच्या परवानगीने झालेली नाही. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने 2009 मध्ये माइनक्राफ्ट लोकांपुढे ठेवले. ते जावात लिहिलेले होते आणि आतली नावे पुसून टाकलेली होती. उघडून पाहिले तर वर्गांना आणि फंक्शनांना अ, ब, क अशा धर्तीची अर्थहीन अक्षरे. तरी लोकांनी ते उलगडलेच. आधी एचमॉड आला आणि 2010-11 च्या हिवाळ्यात काही हौशी प्रोग्रामरांनी बुकिट सुरू केले. त्याचे दोन भाग होते. बुकिट म्हणजे प्लगइन लिहिणाऱ्याने वापरायच्या स्वच्छ नावांचा संच, आणि क्राफ्टबुकिट म्हणजे ती नावे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीच्या उलगडलेल्या सर्व्हरशी जोडणारा प्रत्यक्ष प्रोग्राम. ही विभागणी फार शहाणपणाची होती. त्या काळी लिहिलेल्या प्लगइनमधली कितीतरी नावे आजच्या सर्व्हरवरही जशीच्या तशी चालतात.

2012 च्या फेब्रुवारीत मोजांगने बुकिटच्या चार प्रमुख लोकांना नोकरीवर घेतले. सगळ्यांना आनंद झाला. त्याचा पुढचा अंक ऑगस्ट 2014 मध्ये समजला. प्रकल्पाच्या तेव्हाच्या प्रमुखाने थकून प्रकल्प बंद करत असल्याचे जाहीर केले, तर मोजांगने उत्तर दिले की बुकिटची मालकी केव्हाच आपल्याकडे आली आहे, बंद करणारे तुम्ही कोण! आता ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट कोड लिहिला होता त्यांच्या हे लक्षात आले, की आपण भाड्याच्या घराला रंगरंगोटी करत बसलो होतो. त्यांच्यातल्या एका मोठ्या योगदानकर्त्याने सप्टेंबरमध्ये कायद्याचे बोट दाखवले: माझा कोड मुक्त परवान्याखाली आहे, त्याच्याशी मोजांगचा बंदिस्त कोड मिसळून तुम्ही वाटू शकत नाही. अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याखाली नोटीस गेली आणि क्राफ्टबुकिट उतरवावे लागले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने मोजांग अडीच अब्ज डॉलरला विकत घेत असल्याची घोषणा केली.

नोटीस पाठवणारा तो माणूस चुकला असे मला वाटत नाही, जरी त्याने हजारो सर्व्हर अडचणीत आणले. परवाना हा वाचायचाच कागद असतो. आणि त्यावर निघालेला तोडगा पाहण्यासारखा आहे. 2012 पासून चालणाऱ्या स्पिगॉट या बुकिटच्या शाखेने तयार सर्व्हर वाटणेच बंद केले आणि बिल्डटूल्स नावाचा छोटा प्रोग्राम दिला. तो तुमच्याच संगणकावर मोजांगचा सर्व्हर उतरवून घेतो, उलगडतो, त्याला स्पिगॉटचे बदल जोडतो आणि पुन्हा बांधतो. बंदिस्त आणि मुक्त कोडची गाठ तुमच्या घरी पडते, वाटणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. स्पिगॉटमधून निघालेला पेपरही पहिल्यांदा सुरू करताना मूळ सर्व्हर मोजांगकडून आणून त्यावर आपले बदल चढवतो. डिसेंबर 2024 मध्ये पेपरने स्पिगॉटपासून फारकत जाहीर केली. नव्याने शिकणाऱ्याने आज पेपरवरच सुरुवात करावी.

ती सुरुवात दिसायला अगदी साधी आहे. जेडीके बसवायचा, इंटेलिजे उघडायचे, ग्रेडल किंवा मेव्हनला पेपरची लायब्ररी आणायला सांगायचे. एका छोट्या वायएमएल फाइलमध्ये प्लगइनचे नाव, आवृत्ती आणि मुख्य वर्ग लिहायचा. त्या वर्गातले ऑनएनेबल हे फंक्शन सर्व्हर सुरू होताना चालते. तयार जार फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकायची, करारनामा मान्य असल्याचे ईयूएलए फाइलमध्ये लिहायचे, सर्व्हर चालू करायचा आणि आपल्याच खेळातून लोकलहोस्ट या पत्त्यावर शिरायचे. बदल केला की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा. रीलोड ही आज्ञा मोहात पाडते, पण तिने जुन्या प्लगइनचे अवशेष मेमरीत राहतात आणि मग नसलेले दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

खरे शिकणे इव्हेंटपासून सुरू होते. ब्लॉक फुटला, खेळाडू आला, कोणी चॅटमध्ये लिहिले, की सर्व्हर त्या घटनेची वर्दी सगळ्या प्लगइनांना देतो. बऱ्याच घटना कोणत्याही प्लगइनला रद्द करता येतात. मग दोन प्लगइनांचे भांडण झाले तर? त्यासाठी सहा पायऱ्यांची उतरंड आहे. सगळ्यात कमी प्राधान्याचा आधी बोलतो, कारण शेवटचा शब्द जास्त प्राधान्याच्या प्लगइनचा असायला हवा. सर्वांत शेवटी येते ती मॉनिटर ही पायरी. तिने फक्त निकाल पाहायचा, बदलायचा नाही. कोणी कोणाचा ब्लॉक फोडला याची नोंद ठेवणाऱ्या प्लगइनची जागा ती. हा नियम संगणक पाळायला लावत नाही, माणसांनी पाळायचा असतो, आणि अर्थातच काही जण पाळत नाहीत.

दुसरा धडा वेळेचा, आणि तो कठोर आहे. माइनक्राफ्टचे जग सेकंदाला 20 टिक या गतीने चालते. एका टिकला मिळतात 50 मिलिसेकंद. त्यात पिके वाढायची, झोंबी चालायचे, रेडस्टोनची यंत्रे फिरायची, आणि सगळ्या प्लगइनांनी आपापले काम उरकायचे. हे बहुतेक सगळे एकाच धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर. नवशिक्याचा प्लगइन खेळाडू आत येताच डेटाबेसकडून त्याची शिल्लक मागवतो. डेटाबेसला उत्तर द्यायला 200 मिलिसेकंद लागले तर चार टिक बुडाले, आणि तेवढा वेळ प्रत्येक खेळाडूपुढचे जग गोठले. असे थांबे साचत गेले की कन्सोलवर सर्व्हरला झेपत नसल्याची तक्रार उमटते, चॅटमध्ये ‘लॅग, लॅग’ सुरू होते. उपाय असा, की ती विचारणा वेगळ्या धाग्यावर पाठवायची आणि उत्तर आले की मुख्य धाग्यावर परत येऊन मगच जगाला हात लावायचा. वेगळ्या धाग्यावरून परस्पर ब्लॉक बदलायला जाल तर पेपर तिथेच अडवतो. महाविद्यालयात पाठ केलेले कॉन्करन्सीचे प्रकरण इथे एका रात्रीत समजते, कारण चाळीस मुले चॅटमध्ये ओरडत असतात.

टिकचा हिशेब अंतरालाही लागतो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच 65 मिलिसेकंद, एका टिकपेक्षा जास्त. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते, म्हणून त्याहूनही अधिक. पुण्यातल्या मुलाला युरोपातल्या सर्व्हरवर तलवारबाजीत आपला वार उशिरा पडल्यासारखा वाटतो, त्यात कोणत्याही प्लगइनला फारसे काही करता येत नाही. आपल्याकडच्या मुलांसाठी सर्व्हर चालवणारा मुंबईतले यंत्र भाड्याने घेतो ते याचसाठी.

तिसरा धडा ओळखीचा: खेळाडूची नोंद त्याच्या नावाने ठेवू नये, हे 2015 मध्ये अनेकांना कळले, जेव्हा मोजांगने नावे बदलू दिली. नाव बदलले की जुन्या प्लगइनच्या लेखी तो माणूस परका, आणि त्याने सोडलेले नाव घेणारा त्याच्या घराचा मालक. म्हणून न बदलणारा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, वापरायचा.

सुरक्षेबद्दल प्लगइनच्या जगात गाफीलपणा फार. प्लगइनला कुंपण नसते. सर्व्हरचा प्रोग्राम जे करू शकतो ते सगळे तो करू शकतो, फाइली वाचण्यासकट. जून 2023 मध्ये फ्रॅक्चरायझर हा व्हायरस प्रसिद्ध मॉड आणि प्लगइनांत शिरून पसरला तो याच वाटेने. त्याआधी डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतला दोष जगाला कळला, तेव्हा त्याचे पहिले गाजलेले उदाहरण माइनक्राफ्टचेच होते: चॅटमध्ये विशिष्ट ओळ टाकली की सर्व्हर ती नोंदवताना बाहेरचा कोड आणून चालवी. अनोळखी जार बसवण्याआधी तिचा मूळ कोड कुठे उघडा आहे का, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पुसलेल्या नावांची गोष्टही आता पालटली आहे. 2019 मध्ये मोजांगने खऱ्या नावांची यादी स्वतःच प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जावा आवृत्तीतली नावे यापुढे पुसणारच नाही असे जाहीर केले. बुकिटच्या संचात नसलेली एखादी गोष्ट करायला थेट सर्व्हरच्या पोटात हात घालणाऱ्यांना, म्हणजे पॅकेट बदलणाऱ्यांना आणि प्राण्यांचे वागणे नव्याने लिहिणाऱ्यांना, आता चाचपडत जावे लागणार नाही. पण ती नावे पुढच्या आवृत्तीतही तीच राहतील, असे वचन मोजांगने कोणाला दिलेले नाही, आणि नवी आवृत्ती आली की ‘तुमचे प्लगइन यावर कधी चालणार?’ हा प्रश्न त्याच दुपारी येतो.