वडा खा, पण शाईसकट नको

आटगावहून शहापूरला बाजारासाठी गेलात की गरम वडापाव नि चहा हवाच! पोराबाळांनाही जरूर खाऊ घाला. पण वडा वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. गरम तेलात छपाईची शाई उतरते आणि ती पोटात जाते. २०१८ च्या अन्न-वेष्टन नियमांनी असा कागद वापरण्यास मनाई केली आहे. कढईतले तेल काळे, फेसाळ दिसले तर दुसरी हातगाडी पाहा. वारंवार तापवलेले तेल अपायकारक असते.

आपल्या रानात पळस आहे. पाने धुऊन, वाळवून द्रोण लावा नि गाडीवाल्यांना विका. खाणाऱ्याची प्रकृती सांभाळली जाईल, घरातही चार पैसे येतील.