पहारेकऱ्याची गफलत

बालमित्रांनो, अशी कल्पना करा, की मधल्या सुट्टीची घंटा झाली आहे. डबे उघडलेत. कुणाकडे पोळी-भाजी, कुणाकडे थालीपीठ, तर कुणाकडे मस्त साबुदाण्याची खिचडी! डबा गोलात फिरू लागतो. एक मुलगी मात्र हात मागे घेते.

"मला नको. त्यात दाण्याचं कूट आहे, मला चालत नाही."

"अगं, एका घासानं काय होतंय? नखरे नकोत हं!"

सगळे हसतात. ती बिचारी ओशाळते आणि एक घास तोंडात टाकते. पाच-दहा मिनिटांत तिचे ओठ खाजायला लागतात. गळ्यावर, दंडांवर लाल गांधी उठतात. आवाज घोगरा होतो, श्वास घेताना सूं सूं आवाज येऊ लागतो. आता मात्र कुणालाच हसू येत नाही.

दोस्तांनो, असा प्रसंग कुठल्याही शाळेत घडू शकतो. त्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नखरे वेगळे आणि ॲलर्जी वेगळी. कशी ते पाहू या.

चोर समजून पाहुण्याला धरलं!

आपल्या शरीराला एक पहारेकरी असतो. रोगजंतू आत शिरले, की तो त्यांना हुडकून काढतो आणि हाकलतो. यालाच आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. हा पहारेकरी मोठा इमानदार, पण कधी कधी त्याची गफलत होते. शेंगदाणा, दूध, अंडं, धूळ, फुलांचे परागकण ही खरं तर निरुपद्रवी मंडळी. पण तो त्यांनाच चोर समजतो!

पहिल्या भेटीत बहुधा काहीच दिसत नाही. पहारेकरी फक्त त्या 'चोरा'चं वर्णन लिहून ठेवतो. हे काम 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं करतात. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा छडा लावला. ही प्रतिपिंडं शरीरातल्या विशिष्ट पेशींवर जाऊन चिकटून बसतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ आला रे आला, की त्या पेशी फुटाव्यात तशा मोकळ्या होतात आणि हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर पडतात. मग खाज, शिंका, सूज, दम असा सगळा गोंधळ सुरू होतो.

आता एक गंमत ऐका. १९०१ साली चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून सफरीला गेले होते. तिथे त्यांनी समुद्री प्राण्यांच्या विषाचा अभ्यास सुरू केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना विषाचा थोडा डोस टोचला. काही आठवड्यांनी पुन्हा अगदी थोडासा टोचला. पहिल्या डोसमुळे कुत्रे कणखर होतील असं त्यांना वाटत होतं. झालं उलटंच! तेवढ्याशा विषाने ते काही मिनिटांत दगावले. या तीव्र प्रतिक्रियेला रिशे यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिलं. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आणि 'ॲलर्जी' हा शब्द? तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिरके या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. अर्थ साधारण असा, की 'वेगळीच प्रतिक्रिया'.

आपल्या घरात, आपल्या दारात

आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबीर, उसळ, भरली वांगी, चटणी, चिक्की, सगळीकडे! म्हणून शेंगदाणा ज्याला चालत नाही, त्याने विचारूनच खायला हवं. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलातही दाण्यातली प्रथिनं उतरलेली असतात, तेही टाळायचं. आधी दाणे कुटलेल्या मिक्सरच्या भांड्यात किंवा त्याच डावानेही कण इकडून तिकडे जातात. पाकिटबंद खाऊवर शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन वगैरे असल्याची सूचना छापलेली असते. ती वाचायची सवय लावा. गाडीवरच्या खाऊवर मात्र काही छापलेलं नसतं. तिथे शंका आली, तर सरळ 'नको' म्हणा.

धुळीची ॲलर्जी असते, ती बहुतेक वेळा गादी-उशीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाची असते. हा आठ पायांचा, कोळ्याचा नातलग, मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा. आपल्या त्वचेचे गळून पडलेले कण हे त्याचं खाद्य! दमट हवेत त्याची चंगळ होते. म्हणून चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा आणि ऊन पडलं, की गाद्या-गोधड्या वाळवा. आजी नेमकं हेच सांगते ना? केर काढण्याआधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. ज्याला धुळीचा त्रास आहे त्याने दिवाळीची जळमटं काढायला पुढे होऊ नये. त्याला करंज्या भरायला बसवा!

आणि ते गाजर गवत! कुणी त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि बघता बघता ते देशभर पसरलं. मूळचं अमेरिका खंडातलं. त्याच्या स्पर्शाने काहींच्या अंगाला भयंकर खाज सुटते, परागकणांनी शिंका येतात. श्रमदानात ते उपटायचं असेल तर फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच. ज्यांना दमा आहे किंवा अंगाला खाज येते, त्यांनी दुसरं काम मागून घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

औषधं कोणती?

नुसत्या शिंका आणि खाज असेल तर डॉक्टर हिस्टामिनला रोखणाऱ्या गोळ्या देतात. अंगावर पित्त उठलं, की आजी आमसुलाचं पाणी लावते. त्याने खाजेला बरं वाटेलही, पण श्वास अडत असेल तर आमसूल कामाचं नाही आणि ती गोळीही पुरी पडत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

दमा असलेल्यांना फवाऱ्याचं औषध दिलं, की घरात कुजबुज सुरू होते, 'याची सवय लागते म्हणे!' लागत नाही. उलट गणित करून बघा. सालब्युटामॉलच्या गोळीत साधारण २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. फवाऱ्याच्या एका दाबात फक्त १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे विसावा भाग! कारण ते पोटातून फिरून न येता थेट छातीत पोचतं. लहान मुलांनी तो स्पेसर लावून घ्यावा. रोजचा स्टेरॉइडचा फवारा असेल तर नंतर चूळ भरायला विसरू नका.

तातडीची वेळ आली तर

खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर श्वास लागणं, आवाज बसणं, जीभ सुजणं, चक्कर, अंगावर गांधी उठून वारंवार उलट्या, असं काही दिसलं, तर एक मिनिटही दवडू नका.

१. ताबडतोब बाईंना किंवा सरांना बोलवा. मित्राला एकटं सोडू नका.
२. त्याला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा. चालवत नेऊ नका.
३. काही खाऊ-पिऊ घालू नका.
४. मोठ्यांनी १०८ ला फोन करावा. यावरचं खरं औषध म्हणजे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ते जवळ दिलेलं असेल आणि मोठ्यांना शिकवलेलं असेल, तर लगेच द्यावं.
५. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच. काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आई-बाबा, थोडं तुमच्यासाठी

'थोडं थोडं देऊन बघू, सवय होईल,' हा प्रयोग घरी मुळीच करू नका. तपासणी डॉक्टरांकडेच करा. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीचा निकाल १५-२० मिनिटांत कळतो, पण त्याचा अर्थ मुलाला होणाऱ्या त्रासाशी ताडूनच लावायचा असतो. उगाच दूध, अंडं, डाळी सगळं बंद करून मुलाचं पोषण तोडू नका. गाईच्या दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी अनेक मुलांची मोठेपणी जाते, शेंगदाण्याची मात्र बहुतेकांची टिकते.

आणखी एक. पूर्वी सांगत, की तान्ह्या बाळाला दाणे उशिरा द्या. २०१५ साली लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे मऊ पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. बाळाला इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खे दाणे लहानग्यांना कधीच नाहीत, घशात अडकतात.

शाळेत वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या. मुलाला काय चालत नाही, त्रास कसा दिसतो, कोणतं औषध आणि कुणाला फोन करायचा, एवढं तिच्यात लिहा.

आता दोस्तांनो, पुन्हा त्या मधल्या सुट्टीत जाऊ या. डबा फिरतोय. ती मुलगी म्हणते, "मला नको, त्यात दाणे आहेत." या वेळी कुणी हसत नाही. शेजारची मैत्रीण म्हणते, "थांब, मी हात धुऊन येते. माझ्या डब्यात केळं आहे, ते अर्धं अर्धं खाऊ." बस्स, एवढंच तर करायचंय! पहारेकऱ्याची गफलत आपल्याला सुधारता आली नाही, तरी आपली चूक सुधारता येते की नाही?

मग, उद्या डबा उघडताना आठवण ठेवाल ना?