मुंबई तुंबते, तेव्हा दंड कुणाला होतो?

जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की अंधेरी सबवेचा व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतोच. त्याखालचं भांडणही ठरलेलं असतं. एक जण म्हणतो, महापालिका झोपली आहे का? दुसरा म्हणतो, नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या कोण टाकतं, तुम्हीच ना? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण चुकल्यावर या दोन बाजूंना मिळणारी वागणूक मात्र फार वेगळी आहे.

आधी पिशवीचं बघू.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. शेकडो माणसं गेली. गटारं तुंबायला प्लास्टिकही कारण होतं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं आणि राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजीच्या गाडीवर तो मोजणार कोण, हा प्रश्न तेव्हाही होता.) बांगलादेशाने १९८८ आणि १९९८ च्या पुरांनंतर २००२ मध्ये असाच निर्णय घेतला होता.

पातळ पिशव्यांवरची ही बंदी कागदावरच राहिली. मग २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने जाडी न बघता सगळ्याच प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलची ताटं-वाट्या बंद केल्या. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पण काही दिवसांतच किराणा मालाच्या जाड पॅकिंगला सूट मिळाली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राची एकल वापराच्या प्लास्टिकवरची बंदी आली. त्या वर्षाच्या शेवटी केंद्राच्या नियमात पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. म्हणजे राज्य म्हणतं पिशवीच नको, केंद्र म्हणतं जाड असेल तर चालेल.

तरी पिशवी मिळतेच. कारण धाड पडते ती गाडीवर, कारखान्यावर क्वचित. कारखान्यांवर लक्ष ठेवायचं काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, दुकानं आणि फेरीवाले बघायचं काम पालिकेचं आणि माल परराज्यातूनही येतो. भाजीवालीने पिशवी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. तिच्या दिवसाच्या कमाईपेक्षा दंड मोठा, त्यामुळे पावती फाडण्यापेक्षा ‘मिटवून टाकणं’ दोन्ही बाजूंना सोयीचं पडतं.

आता नाल्याचं. पिशव्या उद्या खरंच संपल्या तरी मुंबई तुंबेल. ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या, त्याही ओहोटी असेल तर. शहराचं पाणी समुद्रात सोडणारी बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वेळी ती बंद ठेवावी लागतात, नाहीतर समुद्रच आत येतो. मग पाणी पंपाने उपसण्याशिवाय मार्ग उरत नाही. हे सगळं १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात होतं. क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायची, आठ उदंचन केंद्रं म्हणजे पंपिंग स्टेशन उभारायची, अशी योजना होती. तिला खरा वेग आला तो २००५ च्या प्रलयानंतर. हाजीअली, इर्ला, वरळीचं लव्हग्रोव्ह अशी सहा केंद्रं झाली. मोगरा आणि माहुलची मात्र जागा आणि परवानग्यांच्या घोळात वर्षानुवर्षं रखडली.

उरते नालेसफाई, आणि इथेच आकडे नीट वाचायला हवेत. ‘नालेसफाई ९० टक्के पूर्ण’ अशी बातमी मे महिन्यात येते. हे ९० टक्के कशाचे? पालिकेनेच ठरवलेल्या गाळाच्या टनांचे. कंत्राटदाराचं बिल बहुतेकदा उपसलेल्या गाळाच्या वजनावर निघतं. नाल्यातून पाणी वाहतंय की नाही, याला त्या बिलात जागाच नाही. जिथे पैसे वजनावर, तिथे खोटं वजन आणि खोट्या फेऱ्या दाखवण्याचा मोह असणारच. २०१५ मध्ये नालेसफाईचा घोटाळा बाहेर आला, अभियंते निलंबित झाले. त्यानंतर ट्रकवर ट्रॅकिंग, वजनकाट्याचे फोटो, व्हिडिओ सगळं आलं. तरी मे २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींच्या नुकसानीचा आरोप ठेवून १३ जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात कंत्राटदार आणि पालिकेचे अधिकारीही आहेत. गाळ टाकायच्या जागेचे करारच बनावट होते, असा एक आरोप आहे.

मग जबाबदार कोण? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ६१ सांगतं की गटारं बांधणं, राखणं आणि साफ करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ऐच्छिक नाही. पण मिठीचा काही भाग एमएमआरडीएकडे, रुळांखालचे नाले रेल्वेच्या हद्दीत, मेट्रोच्या खड्ड्यांची यंत्रणा वेगळी. त्यामुळे पाणी भरलं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. त्यात मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. वॉर्डात जाब विचारायचा तरी कुणाला?

२९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. अटक झाली ती पाणी जावं म्हणून झाकण उघडल्याचा आरोप असलेल्या चार स्थानिक रहिवाशांना. लोकांना हाताने झाकण उघडायची वेळ का आली, हा प्रश्न मला तरी जास्त मोठा वाटतो.

थोडा बदल ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. आणि ही रक्कम नंतर दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करा, असंही सांगितलं. भाजीवालीसाठी दंडाचा तक्ता २०१८ पासून आहे. साहेबांच्या खिशापर्यंत पोहोचणारा हिशेब आत्ता कुठे सुरू होतोय.

तोही फक्त खड्डे आणि मॅनहोलपुरता. हिंदमाताला दुकानात पाणी शिरून माल भिजला, तर या आदेशात त्यासाठी काही नाही. तुमच्या वॉर्डातल्या नाल्याचं कंत्राट कुणाकडे, त्याने किती फेऱ्या दाखवल्या आणि बिलावर सही कुणाची, हे मात्र माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. अर्ज मे महिन्यातच टाका. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, तोवर पाऊस आलेला असतो.