अवघडलेली मान

सकाळी उठावे, तो मान एका बाजूला वळतच नाही. मागून कोणी हाक मारली, तर अख्ख्या अंगाने वळावे लागते. मग कोणी तरी सांगतो, "न्हाव्याकडे जा. एका झटक्यात मोकळी होईल." कट्‌कन आवाज होतो. घटकाभर बरेही वाटते. आम्हीही पूर्वी हे हौसेने करून घेत होतो. आता घेत नाही. का, ते सांगतो.

मानेत ७ मणके असतात. त्यांतल्या वरच्या दोघांची गंमत पाहा. जात्याच्या खालच्या तळीत मधोमध खिळा असतो. वरची तळी त्याभोवती फिरते. तसाच दुसऱ्या मणक्याला हाडाचा खुंट असतो. पहिला मणका त्याभोवती फिरतो. मान वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या एका जागी होते.

मानेच्या मणक्यांना भोके असतात. त्यांतून दोन रक्तवाहिन्या वर मेंदूकडे जातात. मानेला जोराचा हिसका बसला, तर एखादी वाहिनी आतून चिरू शकते. तिथे रक्ताची गुठळी होते. गुठळी मेंदूत गेली, की अर्धांगवायूचा झटका येतो. असे फार क्वचित घडते. पण ज्याच्यावर येते, त्याचे काय? न्हाव्याला तरी बोल कसा लावावा? डोके आपणच पुढे करतो.

मग हाताचा इलाज नाहीच काय? आहे. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टराने १८७४ साली 'ऑस्टिओपॅथी' नावाची विद्या काढली. हाडे, सांधे आणि स्नायू हातांनी तपासून मोकळे करायचे, ही ती विद्या. तिच्यातही झटक्याची एक रीत आहे. आम्हाला पटली ती सावकाशीची.

समजा, मान उजवीकडे वळत नाही. रोग्याला उताणे निजवतात. मान उजवीकडे अडेल तिथवरच हळू नेतात. डाव्या गालाला हात लावून म्हणतात, "आता डोके डावीकडे वळवा, पण अगदी हलके." हात ते वळू देत नाही. पाचेक सेकंद असे धरतात. मग रोगी अंग सैल सोडतो. ताठलेला स्नायू ढिला पडतो आणि मान आणखी थोडी वळते. असे तीन-चार वेळा करतात. ना आवाज, ना हिसका. मोठ्या दवाखान्यातले फिजिओथेरपिस्टही ही रीत वापरतात. ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

पडून मान दुखावली, हाताला मुंग्या आल्या, किंवा तापात मान ताठ झाली, तर मान चोळू नका, वळवूही नका. बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, एकाची दोन माणसे दिसू लागली, तर त्याच घडीला गाडी बोलवा आणि मोठे रुग्णालय गाठा.