आठवी-नववीच्या मुलामुलींनी कमवायचं तर कसं?

परीक्षा संपत आल्या की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. एखादी ताई म्हणते, "पोरगी आठवीत आहे, सुट्टीत नुसती मोबाईल घेऊन बसते. तिला दोन पैसे मिळतील असं काहीतरी सांगा की." मागणी रास्त आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपल्या कमाईचे पैसे हातात यावेत असं वाटतंच, आणि घरालाही हातभार लागतो. पण हे विचारणाऱ्या आईच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: कांदा काढणीला टोळीबरोबर पाठवून द्यायची. म्हणून आज आधी त्या उत्तराबद्दल बोलू.

टोळीत गेलं की संध्याकाळी रोख पैसे मिळतात. आईला वाटतं, सुट्टीपुरतंच तर आहे. जूनमध्ये शाळा सुरू होते. मग कांद्याच्या लागणीला मुकादमाचा फोन येतो, "चार बाया कमी पडतायत, पोरीला पाठवा." आधी एक दिवस बुडतो, मग आठवडा बुडतो. सहामाहीला गणित राहतं. मास्तर ओरडतात म्हणून पोरगी स्वतःच म्हणते, मी नाही जात. पुढच्या वर्षी घरात बोलणं सुरू होतं, शाळा सुटलीच आहे तर स्थळ बघू. आमच्या गटांच्या गावांत आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहिलं. मुलगा असेल तर लग्नाऐवजी ट्रॅक्टर नाहीतर गवंड्याच्या हाताखाली जाणं होतं, एवढाच फरक. कोणी आई मुद्दाम शाळा सोडवत नाही. रोख पैशाची सवय सगळ्या घराला लागते आणि मग ती मोडवत नाही.

कायदाही सांगून ठेवतो, कारण तो बऱ्याच जणींना अर्धाच माहीत असतो. बालकामगारांबाबतचा कायदा १९८६ चा आहे, त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. आता चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शेत असो, हॉटेल असो, वीटभट्टी असो. सूट आहे ती घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात मदत करण्यापुरती. तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच. 'घरचं' म्हणजे कोण तेही कायद्यात दिलं आहे: आईवडील, बहीणभाऊ, काका, आत्या, मामा, मावशी. म्हणजे मामाच्या दुकानात सुट्टीत हात लावला तर चालतो, शेजारच्या बागायतदाराकडे हजेरीवर पाठवलं तर नाही. चौदा ते अठरा वयातल्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. या वयाच्या मुलांना संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत कामाला लावायचं नाही, हेही कायद्यात आहे. मोडला तर ठेवणाऱ्याला कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, नाहीतर दोन्ही. आणि घरचं शेत असलं तरी फवारणीचा पंप मुलाच्या पाठीवर द्यायचा नाही, हे आम्ही प्रत्येक गटात सांगतो. डाळिंबाच्या बागेत तर नाहीच नाही.

मग राहिलं काय? बरंच राहिलं. आम्ही एकच कसोटी लावतो. शाळेची घंटा झाली की जे काम थांबू शकतं आणि ज्याचा हिशेब मूल स्वतः लिहू शकतं, ते काम चालेल.

आमच्या अनुभवात या वयाला सगळ्यात जमणारा धंदा म्हणजे गावरान कोंबड्या. आपल्या माणदेशाकडे पाणी कमी, पण कोंबडीला ते लागतंच किती! खुडूक झालेल्या एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवायची. अंडी ताजी हवीत, आठवड्याच्या आतली. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पहिले काही दिवस जपायचे ते घारीपासून, मांजरापासून आणि मुंगसापासून. म्हणून पिल्लं आईसकट डालग्याखाली ठेवायची. दुसरा धोका मानमोडीचा. तिची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. लसीची बाटली शंभर पिल्लांची तरी असते आणि एकदा तयार केली की ठेवून चालत नाही. म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवायच्या आणि जनावरांच्या दवाखान्यात विचारून लस एकदमच टोचून, म्हणजे थेंब टाकून घ्यायची. हे ठरवायचं काम गटाच्या बैठकीत पाच मिनिटांत होतं.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, आपापल्या बाजाराचे भाव घालून बघा. बारा अंडी पंधरा रुपयांनी, १८० रुपये. कण्या आणि भरडा ६००. लसीचा वाटा २०. खर्च झाला ८००. बारापैकी नऊ फुटली, तीन मांजरानं नाहीतर आजारानं गेली, सहा उरली. पाच महिन्यांनी ती ४५० रुपयांनी गेली तर २७०० आले. खर्च वजा जाता १९००. आता इथं बाया म्हणतात, "एवढं तर पाच-सहा दिवस टोळीत गेलं की मिळतं!" खरं आहे, मिळतं. पण त्या पाच-सहा दिवसांत पोरगी हिशेब शिकत नाही, आणि हे १९०० मिळवताना तिचा शाळेचा एकही दिवस गेलेला नसतो. सकाळी खुराडं उघडायचं, संध्याकाळी झाकायचं. शिवाय दोन तलंगा विकायच्या ऐवजी ठेवल्या तर पुढची अंडी घरचीच.

या हिशेबात मुलं एक ओळ हटकून गाळतात. कण्या घरच्या ज्वारीच्या, म्हणून खर्चच लिहीत नाहीत. घरचं म्हणजे फुकट नाही हे त्यांना याच वयात कळायला हवं. खरं तर ही ओळ आपल्यापैकी कितीजणी लिहितात? पापडाच्या धंद्यात स्वतःची मजुरी धरणारी बाई अजून विरळाच.

दुसरं काम रोपांचं. याला जागा दारातली आणि वेळ सुट्टीतली, म्हणून फार सोयीचं. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा झाडावर वाळल्या की बी काढायचं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खाली दोन भोकं पाडून त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं. मेच्या सुरुवातीला बी टोकलं की पहिला पाऊस पडेपर्यंत रोप लावण्याजोगं होतं. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं वाफ्यात करून दहा-दहाची जुडी बांधली तर परसबागेसाठी बाया घेतात. मोठा शेतकरी नर्सरीतून हजारांनी नेतो, त्याच्या मागं लागू नका. आपलं गिऱ्हाईक म्हणजे जिला दहाच रोपं हवीत ती शेजारीण. पपईची रोपं विकायची असतील तर एक सांगायचं: घरच्या बियांच्या रोपांत नर किती, मादी किती हे लहानपणी ओळखता येत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन लावा असं सांगून विकायचं. नाहीतर पुढच्या वर्षी तीच शेजारीण पोराला बोल लावते.

राख्या, आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या हे सगळं चालतं, पण त्यात एक मेख आहे. राखीपौर्णिमेच्या दुपारनंतर राखीला किंमत नाही. त्यामुळे आधी दहा नमुने करून ऑर्डर घ्यायची आणि मगच सामान आणायचं. मेंदीला लग्नसराईत मागणी असते, पण हळदीचे कार्यक्रम रात्री चालतात. पोरगी एकटी जाणार नाही आणि उशिरापर्यंत थांबणार नाही, हे आधी सांगूनच काम घ्यावं. शेळी हवी असेल तर तीही चांगली. पाच महिन्यांत वेते. पण चाऱ्याला रोज कुणीतरी जावं लागतं आणि ते कुणीतरी नेहमी घरातली मुलगीच असते. शेळी भावाच्या नावावर आणि चारा बहिणीच्या डोक्यावर, असं असेल तर तिला धंदा म्हणू नका.

मोबाईलवरच्या कमाईबद्दल थोडक्यात. 'व्हिडिओ लाईक करा, पैसे मिळवा', 'घरबसल्या पॅकिंग, आधी नोंदणी फी भरा', असल्या गोष्टींना मुलं पटकन भुलतात. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नाही. आणखी एक नवं चाललंय. कोणीतरी म्हणतं, तुझ्या खात्यावर पैसे येतील, काढून दे, हजार तुझे. ते पैसे फसवणुकीचे असतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. असं काही घडलंच तर लाजून लपवू नका, १९३० वर लगेच फोन करा. आणि एखादं लहान मूल कुठं राबवलं जाताना दिसलं तर १०९८.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. हे पैसे कुणाचे? आमचं म्हणणं, ज्यानं मिळवले त्याचे. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं काढता येतं, पाचशे रुपयांत. तिथंच महिना शंभर रुपयांपासून पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू करता येते. भांडवल आईनं द्यावं, बिनव्याजी, आणि विक्री झाली की आधी ते परत घ्यावं. ते माफ करायचं नाही, तरच खर्च किती झाला हे मुलाला कळतं. मुलांच्या धंद्यासाठी गटातून कर्ज मात्र काढू नका, हप्ता फेडायला शेवटी टोळीतच जावं लागतं.

एका गटात असं झालं. मुलीच्या कोंबड्यांचे पैसे आले आणि त्याच आठवड्यात वडिलांना मोटारीच्या दुरुस्तीला पैसे कमी पडले. त्यांनी मागितले. आईला नाही म्हणवेना, मुलीला द्यायचे नव्हते. बैठकीत दोन तास वाद झाला. घर आधी की पोर, असं म्हणणाऱ्या दोन्हीकडे होत्या. शेवटी ठरलं ते असं: वडिलांनी घ्यावेत, पण उसने म्हणून. मुलीच्या वहीत तारीख घालून लिहायचे आणि खाली वडिलांची सही. त्यांनी सही केली. सुगीनंतर निम्मे परत आले. उरलेले अजून वहीत आहेत आणि मुलगी दर बाजाराला आठवण करते.