पलटणीच्या नावावर विकली जाणारी बंदूक

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत आणि ती सारी एकाच इतिहासाकडे बोट दाखवतात. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या निजामाच्या फौजेची, म्हणजे ‘हैदराबाद कंटिंजंट’ची, मोठी छावणी येथे होती, आणि १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होईपर्यंत शहराचा बराचसा व्यवहार तिच्याभोवतीच फिरत होता. ज्या गावाला असा खरा लष्करी भूतकाळ असतो, त्याच्या नावावर खोटी वस्तू खपवणे सोपे जाते, कारण गिऱ्हाइकाला पटवण्याचे निम्मे काम इतिहासाने आधीच करून ठेवलेले असते. ‘पलटणीतल्या पणजोबांची बंदूक, घरातून प्रथमच बाहेर’ अशा मजकुराची ऑनलाइन जाहिरात वाचणाऱ्यास बंदूक दिसण्यापूर्वी कहाणी दिसते, आणि पैसे बहुधा त्या कहाणीचेच मोजले जातात.

या फसवणुकीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बंदूक अस्तित्वातच नसते. परदेशी लिलावगृहाच्या यादीतून किंवा एखाद्या संग्रहालयाच्या पानावरून उचललेली छायाचित्रे, ‘तातडीने विकणे आहे’ अशी ओळ, बाजारभावाच्या मानाने फारच कमी किंमत आणि आगाऊ रकमेची मागणी, एवढ्यावर सारा व्यवहार उभा असतो. दुसऱ्या प्रकारात बंदूक खरोखरच हाती पडते, परंतु ती शतकापूर्वीची नसून अलीकडे घडवलेली प्रतिकृती असते. प्रतिकृती ही मुळात खोटी वस्तू नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकेतील यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये सुरू झाली, त्या सुमारास जुन्या घडणीच्या बंदुकांना हौशी लोकांकडून मागणी आली आणि इटलीच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया परिसरातील उबेर्ती, पेदेरसोली यांसारख्या कारखान्यांनी ती राजरोसपणे, स्वतःच्या नावाची खूण उमटवून पुरवली. भारतातही दिवाणखान्याच्या भिंतीसाठी आणि चित्रपटांसाठी अशा वस्तू बनतात. लबाडी सुरू होते ती कारखान्याची खूण घासून काढण्यापासून, लोखंडाला आम्लाने गंज चढवण्यापासून आणि नव्या लाकडाला धूर-तेलाने काळे करण्यापासून.

जाहिरातीतील दाव्याची पहिली परीक्षा कालगणनेची असते आणि तिच्यासाठी बंदूक हातात घ्यावी लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाची, म्हणून या सर्व जुन्या बंदुकांना ठासणीच्या बंदुका म्हणतात, पण बार पेटवण्याच्या रीतीवरून त्यांच्या तीन पिढ्या पडतात : पेटत्या सुतळीने, म्हणजे तोड्याने, रंजक पेटवणारी तोड्याची बंदूक, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक, आणि घोडा आपटताच फुटणाऱ्या तांब्याच्या लहान टोपीची, म्हणजेच टोपीची बंदूक. यांपैकी टोपीची पद्धत ब्रिटिश सैन्याने १८३०च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदी पलटणींपर्यंत ती त्याहून उशिरा आली. हिंगोलीच्या परिसरात हे गणित कसे वापरता येते, याचे उदाहरण नोवसाजी नाईकांच्या लढ्यातून देता येईल. या हटकर सरदाराच्या नाव्हा येथील गढीला निजामाच्या फौजेने मेजर पिटमनच्या नेतृत्वाखाली वेढा घातला आणि जानेवारी १८१९च्या अखेरीस ती घेतली. त्या लढाईचे नाव पुढे पलटणींच्या निशाणावरील मानचिन्हातही आले. समजा, ‘नाव्ह्याच्या लढाईतील बंदूक’ म्हणून मांडलेल्या वस्तूच्या छायाचित्रात गारगोटी धरणाऱ्या जबड्याऐवजी टोपीवर आपटणारा घोडा दिसला, तर ती बंदूक त्या रूपात त्या लढाईत असणे शक्य नाही, आणि विक्रेत्याने पुढे कितीही कौटुंबिक कागद दाखवले तरी त्यात फरक पडत नाही.

हाच नियम कोरलेल्या खुणांना लागू पडतो. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर मुकुट व त्याखाली ‘व्ही. आर.’ ही अक्षरे म्हणजे व्हिक्टोरिया राणीची खूण. ती १८३७ मध्ये गादीवर आली व जानेवारी १९०१ मध्ये वारली, त्यामुळे या अक्षरांशेजारी १८१८ किंवा १९०५ असे साल असेल तर कोरणाऱ्याने इतिहास वाचला नव्हता एवढेच सिद्ध होते. (पितळी दुर्बिणींवर ‘व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन, १९१५’ असे बिनधास्त कोरून विकण्याची प्रथा इतकी रुळली आहे, की राणीच्या मृत्यूला तेव्हा चौदा वर्षे झाली होती हे कोणाच्या मनात येत नाही.) ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर १८०८ पर्यंत बदामाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे आणि त्यानंतर मागच्या पायांवर उभा राहून पंजात मुकुट धरलेला सिंह असे, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही पूर्ण अक्षरे मोठ्या पितळी पट्टीवर ठसठशीत लिहिलेली आढळली, तर ती पट्टी गिऱ्हाइकासाठी लावलेली समजावी. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलसारख्या गावांत लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बंदुकांच्या नकला घडवल्या, आणि इंग्रजी न वाचता अक्षरे केवळ चित्रासारखी उतरवल्यामुळे त्यांतील काहींवर ‘एन’ हे अक्षर उलटे पडलेले असते.

लोखंड आणि लाकूड यांची साक्ष अधिक सूक्ष्म असली तरी चांगल्या छायाचित्रात ती दिसते. खरा जुना गंज पाणी साचेल अशा सांध्यांत व रंजकाच्या छिद्राभोवती खोल असतो आणि हात लागतो तेथे कमी. आम्लाने आणलेला गंज सगळीकडे सारखा पसरतो. दस्त्याचे लाकूड गाल आणि तळवा टेकतो तेथे झिजावयास हवे, कडेच्या कोपऱ्यांवर कानशीने नव्हे. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकापासूनचा, म्हणून तो दिसला की निदान तेवढा भाग तरी बदललेला आहे. या कारणांसाठी विक्रेत्याकडे पट्टीचे जवळून घेतलेले छायाचित्र, नळीच्या तोंडाचे छायाचित्र आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी बंदुकीशेजारी ठेवून काढलेले एक छायाचित्र मागावे. ज्याच्याजवळ बंदूकच नाही त्याला यांपैकी शेवटचे देता येत नाही आणि तो बहुधा ‘दुसरे गिऱ्हाईक वाट पाहत आहे’ असे सांगू लागतो. जाहिरातीतील छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकल्यास ते मूळ कोठले, हेही बरेचदा कळते.

मात्र सर्वात उपयोगी कसोटी कायद्याची आहे, कारण विक्रेत्याचे दावे तेथे परस्परांवर आदळतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. १९५९चा शस्त्र अधिनियम कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देतो खरा, पण ते दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी अट घालून. नुसते ‘सध्या चालत नाही’ हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने ‘क्युरिओ’ प्रकारातील छोटी शस्त्रे विनापरवाना बाळगण्याची मुभा नागरिकांना दिली, तरी ती वापरण्यास, सोबत नेण्यास किंवा वाहून नेण्यास परवाना लागतोच. म्हणजे ‘अस्सल १८५७ची, चालू स्थितीत, कागदपत्रांची गरज नाही, कुरिअरने घरपोच’ ही जाहिरात एकाच ओळीत परस्परांशी न जुळणारे दावे करते. उलट ‘केवळ शोपीस’ म्हणून जी विकली जाते, तिला पुराणवस्तूची किंमत मागता येत नाही. फेसबुकच्या विक्री-नियमांत शस्त्रविक्रीला मनाई असल्यामुळे ‘शोपीस’ हा शब्द कित्येकदा केवळ चाळणीतून निसटण्यासाठी लिहिलेला असतो. शंका राहिल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घेणे हाच मार्ग आहे.

पैशांची बाजू इतर ऑनलाइन फसवणुकींसारखीच आहे. आधी ‘बुकिंग’, मग वाहतूक, मग कर अशी रक्कम वाढत जाते. रिझर्व्ह बँकेने जुनी नाणी व नोटा यांच्या बाबतीत ऑगस्ट २०२१ मध्ये नेमक्या अशाच शुल्क-कमिशनच्या मागण्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. बंदुकीच्या व्यवहारात त्यावर आणखी एक पायरी चढते : पैसे भरलेल्या माणसाला ‘बेकायदा शस्त्र मागवले’ म्हणून पोलिसाच्या नावाने धमकी देता येते, आणि भीतीने तो तक्रारही करत नाही. अशा वेळी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

‘पलटणीतल्या पणजोबांची बंदूक’ या सुरुवातीच्या कहाणीलाही एक हिशोब लावता येतो. पायदळातील शिपायाची बंदूक सरकारी असे. ती मोजून दिली जाई आणि निवृत्त होताना मोजून परत घेतली जाई. रिसाल्यात शिलेदारी पद्धत होती, म्हणजे स्वार घोडा व बरेचसे सामान स्वतःचे आणी, म्हणून एखाद्या घरात पणजोबांची तलवार निघणे सहज शक्य आहे. पलटणीची बंदूक घरी कशी आली, हे मात्र विक्रेत्यानेच सांगावयास हवे.