जुन्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप : नुसते सील बदलून भागत नाही

पाव-खारीचे डबे, कापडाचे गठ्ठे किंवा हत्यारांची पेटी मागे बांधून फिरणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे आजही जुनी सीडी १०० किंवा आरएक्स १०० आहे. इंजिनाची काळजी सारेच घेतात. पुढच्या शॉकअपकडे मात्र तेल गळू लागल्यावरच लक्ष जाते. मग ऑईल सील बदलले जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळती सुरू होते. असे का व्हावे?

शॉकअपच्या प्रत्येक पायात क्रोमचा मुलामा दिलेला पाईप खालच्या जाड नळीत वर-खाली सरकतो. आतली स्प्रिंग धक्का झेलते. तेल बारीक छिद्रांतून जाताना तिची उसळी आवरते. हे तेल सील अडवून धरते. पाईपवर गंजाचे खड्डे पडले की तेच नव्या सीलची कड कापतात. म्हणून सील घेण्यापूर्वी पाईप पुसून त्यावर नख फिरवून पाहा. सील सरकते त्या भागात नख अडकले, तर पाईप बदलणे किंवा त्यावर पुन्हा क्रोम चढवून घेणे हाच उपाय. पाईप वाकलेला असल्यास सपाट काचेवर लोळवताच कळते.

तेलाबाबतही हयगय नको. इंजिनचे जुने तेल ओतू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले फोर्क ऑईलच वापरावे आणि दोन्ही पायांत मापाने सारखे भरावे. तेल कमी पडले तर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटते. जास्त झाले तर आतली हवा दाबली जाऊन सीलवर ताण येतो. काढलेले तेल करडे व घाण वासाचे असेल, तर ते बदलायला उशीर झाला असे समजावे. ओझ्याच्या गाडीचे तेल वर्षातून एकदा बदलणे बरे.

काम करणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. वरचा बोल्ट स्प्रिंगच्या दाबाखाली असतो. पुढचे चाक जमिनीवरून उचलून, बोल्ट हाताने दाबून धरूनच शेवटचे आटे सोडावेत व चेहरा बाजूला ठेवावा.

पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवल्यावर ‘ठक’ आवाज आला, तर हँडलच्या मानेशी बोट लावून पाहा. तेथे हालचाल जाणवल्यास दोष कोनसेटचा आहे. विनाकारण शॉकअप खोलू नका.

गळतीकडे दुर्लक्ष मात्र करू नये. ब्रेक लावताच बराच भार पुढच्या चाकावर येतो. ओघळलेले तेल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोचले, तर भरल्या ओझ्यानिशी गाडी थांबत नाही. रोज सकाळी पाईपवरची धूळ-चिखल पुसायला दोन मिनिटे लागतात. फाटलेले रबरी बूट वेळीच बदलले तर पाईपही टिकतो, सीलही टिकते.